लपलेला डोळा आणि वालीचे बोलणे

मराठीत मारण्याला अनेक नामे आहेत. वध, हत्या, खून, शिकार, कत्तल. देहाच्या पातळीवर या सर्व नामांखाली घडणारी गोष्ट एकच असते. परंतु नाम निवडले की निवाडाही झालेला असतो. कीचकाचा आणि अफझलखानाचा वध होतो, ब्राह्मणाची आणि गायीची हत्या होते, शेजाऱ्याचा खून होतो, हरणाची शिकार होते. ‘वध’ या नामात मारणाऱ्याच्या बाजूने दिलेली साक्ष असते, ‘हत्या’ या नामात मेलेल्याच्या बाजूने दिलेली, आणि ‘खून’ ही सरकारी दप्तराची भाषा असते. ३० जानेवारी १९४८ च्या घटनेला कोणी ‘गांधीहत्या’ म्हणतो, कोणी ‘गांधीवध’. त्या क्षणी त्याने घटनेविषयी काही सांगण्यापूर्वी स्वतःविषयी बरेच सांगितलेले असते.

प्रस्तुत लेखात मला विचार करायचा आहे तो मारण्याच्या एका विशिष्ट प्रकाराचा, म्हणजे लपून मारण्याचा. झाडाआडून सुटलेला बाण, छपरावरून सुटलेली गोळी, झग्याखाली दडवलेला खंजीर. नीतिविचार या प्रकाराकडे युद्धधर्माचा भंग म्हणून पाहतो, इतिहास परिणामांच्या अंगाने पाहतो, न्यायव्यवस्था पुराव्याच्या अंगाने. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात आपल्या घरचाच एक प्रश्न दिसायला हवा. झेरार जनेत यांनी १९७२ साली कथनाची मीमांसा करताना दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे केले: कथनात पाहतो कोण, आणि बोलतो कोण. हा भेद आपण वर्गात तांत्रिक म्हणून शिकवतो. लपून मारण्याच्या प्रसंगात तो जीवनमरणाचा होतो. मारणारा पाहत असतो. मरणाऱ्याला आपण पाहिले जात आहोत हेच ठाऊक नसते. त्याला बोलण्याची वेळ येण्यापूर्वीच त्याच्यापुरते कथन संपलेले असते.

आणि येथेच वाचकाची एक अडचण सुरू होते. वाचकही स्वभावतः लपून पाहणाराच असतो. कादंबरीतले पात्र खोलीत एकटे असते, पत्र फाडते, रडते, आणि आपण तेथे असतो. त्याला आपण कधीच दिसत नाही. ही आडोशाची जागा आपण इतकी गृहीत धरलेली असते की तिच्याविषयी नैतिक प्रश्न विचारावा असे सहसा मनात येत नाही. लपून मारण्याची कथा तो प्रश्न विचारायला लावते, कारण तेथे मारेकऱ्याची जागा आणि वाचकाची जागा पुष्कळदा एकच होते. फ्रेडरिक फोरसाइथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ ही कादंबरी १९७१ साली आली. जनरल द गॉल १९७० साली आपल्या घरी वारले हे माहीत असलेला वाचकही ती वाचताना मारेकऱ्याच्या तयारीत गुंततो. त्याची बंदूक नीट बसावी, त्याची कागदपत्रे पकडली जाऊ नयेत, अशी धास्ती तो नकळत त्याच्या वतीने घेतो. शेवटी नेम चुकतो, तो जनरल एका जुन्या सैनिकाच्या गालाचे चुंबन घेण्यासाठी नेमक्या त्या क्षणी पुढे झुकतात म्हणून. मारेकऱ्याच्या साऱ्या गणितात माणसाने माणसाकडे झुकण्याची ही एक हालचाल तेवढी नव्हती. ती वाचकाच्याही गणितात नव्हती, हे कादंबरी मिटल्यावर लक्षात येते.

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात निवेदनाचा विचार शिकवताना मी उदाहरण म्हणून वाल्मीकी रामायणातील वालीचा प्रसंग घेतला होता. तासाच्या शेवटी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, वालीला एवढं बोलू कशाला दिलंय? बाण लागला, पडला, झालं. गोष्ट तर पुढे गेलीच असती.” प्रश्न खोडसाळपणाने विचारलेला नव्हता. कथानकाच्या दृष्टीने तो अगदी रास्त होता. सुग्रीवाला राज्य मिळायला, वानरसेना उभी राहायला वालीचे मरण पुरेसे आहे. त्याचे बोलणे मुळीच आवश्यक नाही. तरीही किष्किंधाकांडाचा एक सर्ग, सतरावा, त्याच्या बोलण्याला दिलेला आहे आणि पुढचा सर्ग रामाच्या उत्तराला. त्या प्रश्नाला मी वर्गात जे उत्तर दिले ते अभ्यासक्रमापुरते होते. प्रश्न त्याहून मोठा होता, आणि हा लेख त्याच्याशीच चाललेला संवाद आहे.

प्रसंगाची रचना पुन्हा पाहावी. पहिल्या द्वंद्वाच्या वेळी राम बाण सोडत नाही, कारण वाली आणि सुग्रीव सारखेच दिसतात. सुग्रीव मार खाऊन परततो. दुसऱ्या वेळी ओळख पटावी म्हणून त्याच्या गळ्यात गजपुष्पीची फुललेली वेल बांधली जाते. या तपशिलाकडे आपण कथेची गंमत म्हणून पाहतो. वस्तुतः लपून नेम धरणाऱ्याची पहिली आणि शेवटची समस्या तीच आहे. समोर आहे तो नेमका कोण? द्वंद्वात ही समस्या येत नाही, कारण तेथे शत्रू आपले नाव सांगून उभा असतो. आडोशातून मात्र माणसे आकृत्या होतात, आणि दोन आकृत्यांतला फरक करायला फुलांची वेल लागते. दुसऱ्यांदा बाहेर पडणाऱ्या वालीला तारा अडवते. सुग्रीवाच्या पाठीशी रामाचे बळ आहे हे तिने ओळखलेले असते. वाली तिला सांगतो की राम धर्म जाणणारा आहे, तो असे पाप करणार नाही. म्हणजे वाली मारला जातो तो ज्याने त्याला मारले त्याच्यावरच्या विश्वासासह.

बाण लागल्यावर वाली पडतो, पण लगेच मरत नाही. कवीने त्याला वेळ दिला आहे. मी दुसऱ्याशी लढत असताना तू मला मारलेस, हा त्याचा मुख्य आरोप. त्याच ओघात तो असेही म्हणतो की माझे कातडे सज्जनांनी पांघरण्याचे नाही, माझे मांस खाण्याचे नाही. मग मला मारून तू काय मिळवलेस? रामाच्या उत्तरात अनेक मुद्दे येतात. ही भूमी इक्ष्वाकूंची असून भरताच्या सत्तेखाली आहे, धाकट्या भावाच्या पत्नीचे, रुमेचे, वालीने हरण केले, सुग्रीवाशी मैत्रीची प्रतिज्ञा झालेली आहे. आणि त्यांत एक मुद्दा असा येतो की माणसे पशूंना जाळी लावून, फासे टाकून, लपून मारतात. त्यात दोष मानला जात नाही. आणि तू तर शाखामृग आहेस.

हा शेवटचा युक्तिवाद वाचताना रामायणाच्या वाचकाला बालकांडाची आठवण झाल्यावाचून राहू नये. या महाकाव्याचा आरंभच एका शिकारीच्या निषेधाने झालेला आहे. तमसेच्या काठी क्रौंचयुग्मातील नर निषादाच्या बाणाने पडतो, मादी आक्रोश करते, आणि ते पाहणाऱ्या ऋषीच्या तोंडून शोकच श्लोक होऊन बाहेर पडतो. निषादही सावध नसलेल्या जिवालाच मारतो, आणि पशुपक्षी मारणे हा त्याचा व्यवसायच होता. त्याचा व्यवसाय त्याला बचाव म्हणून देण्याचा विचार कवीच्या मनात आला नाही. मात्र किष्किंधाकांडात काव्याचा नायकच झाडाआडून बाण सोडतो, तेव्हा नेमका निषादाचा कायदा त्याच्या मदतीला येतो. हा विरोध कवीच्या नजरेतून सुटला असेल असे मला वाटत नाही. तो मिटवण्याचा सोपा मार्ग त्याच्याजवळ होता: वालीला लगेच मरू द्यायचे. त्याने तसे केले नाही. वाली शेवटी रामाचे म्हणणे मान्य करतो, अंगदाला आणि तारेला त्याच्या हाती सोपवतो. परंतु त्याने मान्य करण्यापूर्वी जे विचारले ते काव्यात राहिलेच, आणि आजतागायत प्रत्येक पिढीला त्याचे उत्तर नव्याने द्यावे लागते. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असावे. कवीने वालीला बोलू दिले ते कथानकासाठी नाही, तर श्रोता रामाबरोबर झाडाआड उभा होता म्हणून. वालीचे बोलणे श्रोत्याला त्या झाडाआडून बाहेर काढते.

नेम धरून मारणाऱ्यासाठी आज जगभर चालणारा ‘स्नायपर’ हा शब्द पक्ष्याच्याच शिकारीतून आला, आणि तोही हिंदुस्थानातून, ही गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील इंग्रज लष्करी अधिकारी दलदलीत राहणाऱ्या स्नाइप नावाच्या पक्ष्याची, म्हणजे आपल्या पाणलाव्याची, शिकार करीत. हा पक्षी वेडावाकडा उडतो, त्याला टिपणे अवघड. त्या शिकारीचे क्रियापद पुढे माणसांना लागू झाले. भाषेने येथे जे केले ते शाखामृगाच्या युक्तिवादाहून वेगळे नाही: ज्याला मारायचे त्याला आधी शब्दात पक्षी करून घेतले.

परंतु दुर्बिणीच्या भिंगाने एक वेगळाच पेच निर्माण केला. भिंग अंतर वाढवते आणि मिटवतेही. मारणारा शेकडो यार्ड दूर राहतो, पण समोरच्याचे दाढीचे खुंट त्याला दिसतात. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात पहिल्या महायुद्धातला एक प्रसंग सांगितला आहे. भिंगातून त्यांना एक जर्मन सैनिक आंघोळ करताना दिसला. नागव्या माणसावर गोळी झाडणे त्यांना बरे वाटेना, म्हणून त्यांनी बंदूक जवळच्या सार्जंटकडे दिली. सार्जंटने त्याला टिपले. ग्रेव्हज ते पाहायला थांबले नाहीत. स्पेनच्या यादवी युद्धात जॉर्ज ऑर्वेल यांना खंदकातून पळणारा एक शत्रुसैनिक दिसला. तो दोन्ही हातांनी आपली विजार सावरत धावत होता. ऑर्वेल यांनी गोळी झाडली नाही, आणि त्यामागे त्या विजारीचा काही भाग होता असे त्यांनी लिहिले. एमिलिओ लुस्सू या इटालियन लेखकाच्या १९३८ सालच्या पुस्तकात समोरच्या खंदकातला ऑस्ट्रियन अधिकारी सिगारेट पेटवतो, आणि नेम धरून बसलेल्या निवेदकालाही सिगारेट ओढावीशी वाटते. मग चाप ओढवत नाही. असे अनेक प्रसंग एकत्र ठेवून मायकल वॉल्झर यांनी १९७७ साली न्याय्य आणि अन्याय्य युद्धांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांची नैतिक चर्चा केली.

साहित्याच्या अंगाने पाहता या तिन्ही प्रसंगांत काय घडते? शत्रू बोलत नाही. तेवढे अंतर नसतेच. परंतु आंघोळ, विजार, सिगारेट हे तपशील त्याच्या वतीने बोलतात. गजपुष्पीची वेल माणसाला निशाण बनवते; विजार निशाणाला माणूस बनवते. दोन्ही तपशीलच आहेत, आणि कथात्म साहित्याचे सारे सामर्थ्य तपशिलात असते असे आपण नेहमी म्हणतो. ते खरे असले तरी अपुरे आहे, हे येथे ध्यानात येते. तपशील मारण्यालाही उपयोगी पडतो आणि वाचवण्यालाही. तो कोणत्या कामी लागतो हे चाप ओढण्याआधी किती थांबले जाते यावर ठरते. ग्रेव्हज यांचा प्रसंग म्हणूनच अस्वस्थ करणारा आहे. ते थांबले, पण त्यांचे थांबणे नागव्या माणसाच्या उपयोगी पडले नाही.

लपण्याचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात अंतर नसते. तो वेषांतराचा. इंग्रजीतील ‘असॅसिन’ हा शब्द ज्यांच्यावरून आला ते निझारी इस्माइली १०९० साली अलमूतच्या किल्ल्यात आले आणि १२५६ साली मंगोलांनी तो घेईपर्यंत तेथे राहिले. त्यांच्या फिदाईंनी १०९२ साली सेल्जुक वजीर निझाम-उल-मुल्क याला मारले, तेव्हा मारणारा सूफीच्या वेषात होता. ११९२ साली टायर शहरात कॉनराड ऑफ मॉन्फेरातला मारणारे दोघे भिक्षूंच्या वेषात होते. फिदाईंचे शस्त्र खंजीर होते, जागा बहुधा चारचौघांतली, आणि मारल्यावर जिवंत सुटण्याची अपेक्षा जवळजवळ नसे. तो आडोशाला राहत नसे. मारताना तो सर्वांना दिसत असे, मेलेल्यालाही. परंतु हशीश पाजून स्वर्गाची बाग दाखवलेल्या वेड्या अनुयायांची जी गोष्ट जगभर झाली ती त्यांनी सांगितलेली नाही. ती त्यांच्या विरोधकांनी, धर्मयुद्धांतून परतलेल्या युरोपीयांनी आणि मार्को पोलोच्या वृत्तांताने सांगितली. फरहाद दफ्तरी यांनी १९९४ साली या आख्यायिकांची जडणघडण तपासून दाखवली. म्हणजे येथे मारणाऱ्याचाच आवाज हरवला आहे. त्यांच्या इतिहासाची एक महत्त्वाची सुनावणी आपल्या मुंबईत झाली, हे अनेकांना ठाऊक नसते. १८६६ साली खोजा समाजातील काही मंडळी आणि पहिले आगाखान यांच्यातील दाव्यात, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांच्यासमोर, अलमूतच्या इमामांची परंपरा तपशिलाने मांडली गेली. दंतकथेतल्या माणसांचे वंशज तेथे पक्षकार म्हणून उभे होते. बोलण्याची जागा मिळाली की आख्यायिका खटला होते, आणि खटल्यात दुसरी बाजू ऐकावी लागते.

अलमूतची आख्यायिका आज सर्वाधिक लोकांपर्यंत पोचते ती व्हिडिओ गेममधून. आपल्या समीक्षेने या प्रकाराकडे अद्याप पोरखेळ म्हणूनच पाहिले आहे. मी तो जवळून पाहिला तो माझ्या भाच्यामुळे, आणि एक वाचक म्हणून मला त्यात जे दिसले ते टाळता येण्यासारखे नाही. खेळात ‘पाहतो कोण’ या प्रश्नाला एक तिसरा प्रश्न जोडला जातो: करतो कोण. कादंबरीचा वाचक जॅकलच्या मागे उभा असतो. खेळणाऱ्याच्या बोटाखाली चाप असतो. २००४ साली, केनेडींच्या हत्येला ४१ वर्षे झाली त्या दिवशी, ‘जेएफके रीलोडेड’ नावाचा एक खेळ विक्रीला आला. त्यात खेळणारा डॅलसमधील पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावर बसतो आणि वॉरन आयोगाने १९६४ साली नोंदवलेल्या तीन गोळ्या जशाच्या तशा झाडण्याचा प्रयत्न करतो. गुण मिळतात ते अहवालाशी जितके जुळेल तितके. सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या प्रवक्त्याने त्याचा कडक शब्दांत निषेध केला. मला त्यात क्रौर्याइतकीच एक विकृत संहितानिष्ठा दिसते: मूळ लेखाशी इमान राखून माणूस पुन्हा पुन्हा मारायचा. २०१२ सालच्या ‘स्नायपर एलिट व्ही टू’ या खेळात गोळी शरीरात शिरते तेव्हा पडद्यावर क्ष-किरणचित्राप्रमाणे हाडे फुटताना दिसतात. येथे पाहण्याची परिसीमा होते. माणसाच्या आतले सारे दिसते. तो माणूस तेवढा दिसत नाही.

एवढ्यावर या माध्यमाचा निकाल लावणे मात्र अन्यायाचे होईल. ‘असॅसिन्स क्रीड’ हा २००७ सालचा खेळ अलमूतच्या आख्यायिकेवर उभा आहे, आणि त्याचे कथानक ११९१ सालचे आहे. त्यात प्रत्येक नियोजित बळीला मारल्यावर काळ थांबतो. एका निराकार अवकाशात मारणारा आणि मरणारा समोरासमोर येतात, आणि मरणारा बोलतो. आपण जे केले ते का केले हे तो सांगतो, मारणाऱ्यालाच उलट प्रश्न करतो, आणि पुढे पुढे नायकाचा आपल्या गुरूवरचा विश्वास या बोलण्यांनीच डळमळतो. हा खेळ रचणाऱ्यांना किष्किंधाकांड ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही लपून मारण्याची गोष्ट गंभीरपणे सांगू पाहणाऱ्याला वालीचा सर्ग लिहावाच लागतो, असे त्यावरून दिसते.

हिदेओ कोजिमा यांच्या २००४ सालच्या ‘मेटल गिअर सॉलिड थ्री’मध्ये याहून पुढचे एक पाऊल आहे. त्यात एका नदीतून चालत जावे लागते, आणि तोवर खेळणाऱ्याने जितके मारले तितके सारे प्रेतरूपाने समोरून येतात. ज्याने कमी मारले त्याची नदी रिकामी असते. शेवटी नायकाला आपल्या गुरुस्थानी असलेल्या स्त्रीवर गोळी झाडावी लागते. कथा तेथे चित्रपटासारखी पुढे सरकत नाही, कळ खेळणाऱ्यालाच दाबावी लागते. याच खेळात एक अतिवृद्ध स्नायपर येतो. त्याच्याशी सामना सुरू झाल्यावर खेळ जतन करून आठवडाभर बाजूला ठेवला, तर तो म्हातारपणाने मरतो. माझ्या भाच्याने हे कुठेतरी वाचले आणि खरोखरच आठवडाभर खेळाला हात लावला नाही. मध्येच मी विचारले तर म्हणाला, “मावशी, आता काही करायचं नसतं, नुसतं थांबायचं.” आठवा दिवस उजाडला, म्हातारा मेलेला होता. जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. आपण ज्याला मारले नाही त्याच्याकडे तो बराच वेळ पाहत बसला होता. न करणे हीही एक कृती आहे, हे त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने इतके स्पष्ट सांगितले नसते.

या थांबण्याचा राजकीय इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध दाखला रशियातला आहे. फेब्रुवारी १९०५ मध्ये इव्हान कालियायेव ग्रँड ड्यूक सर्गेईच्या बग्गीवर बाँब टाकायला उभा होता. बग्गीत ड्यूकची पत्नी आणि दोन मुले दिसली. त्याने हात खाली घेतला. दोन दिवसांनी ड्यूक एकटा होता, तेव्हा त्याने बाँब टाकला आणि पुढे तो फासावर गेला. १९४९ साली रंगभूमीवर आलेले आल्बेर काम्यू यांचे ‘ले ज्युस्त’ हे नाटक या दोन दिवसांच्या अंतरावर उभे आहे. काम्यूंनी क्रांतिकारकांना भरपूर बोलू दिले. पण मेलेल्या ड्यूकची विधवा तुरुंगात कालियायेवला भेटायला येते, जसे प्रत्यक्षात घडले होते, आणि नाटकाचा तोल बदलतो. निशाण म्हणून पाहिलेला ड्यूक तिच्या तोंडून कोणाचा तरी नवरा होतो.

आपल्या भाषेत हा हिशेब कसा मांडला गेला आहे? २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाहून परतणाऱ्या रँडवर पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली गेली. त्यामागे प्लेगच्या काळातील घरझडत्यांचा संताप होता, आणि तो अनाठायी नव्हता. येथेही ओळख पटवण्याचा प्रश्न होता. ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची आरोळी म्हणजे गजपुष्पीची वेलच. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त मराठीत आहे, आणि ते असायलाच हवे. पण त्याच रात्री मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला, आणि मराठी वाचकाच्या मनात तो आजही एक आडनाव एवढाच आहे.

गांधींच्या बाबतीत हा असमतोल अधिक बोचरा आहे. १९९८ साली रंगभूमीवर आलेल्या आणि लगेचच बंदीच्या वादात सापडलेल्या प्रदीप दळवी यांच्या नाटकाचे शीर्षक ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ असे आहे. बंदी योग्य की अयोग्य हा येथे विषय नाही. माझ्या मते नाटकावर बंदी हे नाटकाला उत्तर नव्हे. प्रश्न त्या क्रियापदाचा आहे. मारणारा खटल्यात बोलला, निवेदनात बोलला, आणि अर्ध्या शतकाने रंगमंचावर शीर्षकातच बोलू लागला. कोणी म्हणेल, गांधींचे समग्र वाङ्मय इंग्रजीत शंभर खंडांचे आहे. त्यांना आवाजाची कमतरता काय? पण ते जीवनाविषयीचे बोलणे आहे, मारणाऱ्याला उद्देशून केलेले बोलणे वेगळे. तेही आहे. २० जानेवारी १९४८ ला प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला, तो ज्या कटातून झाला त्यानेच दहा दिवसांनी त्यांचा बळी घेतला. दुसऱ्या दिवशीच्या सभेत त्यांनी सांगितले की स्फोट घडवणाऱ्या तरुणाचा कोणी द्वेष करू नये. वालीचा सर्ग येथे बाण सुटण्याआधीच बोलला गेला आहे. मराठी रंगभूमीने त्याला शीर्षक दिलेले नाही.

हिंसा दाखवावी की नाही, किती दाखवावी, हा वाद साहित्यात जुना आहे आणि खेळांच्या निमित्ताने तो पुन्हा पुन्हा उकरला जातो. माझ्या मते समीक्षेने विचारायचा प्रश्न तो नाही. संहितेने आपल्याला मारणाऱ्याच्या आडोशात नेले, येथवर आक्षेप घेण्याचे कारण नाही, रामायणानेही नेले. तिने आपल्याला तेथून बाहेर काढले की नाही, हे पाहायचे. वध, हत्या, खून यांपैकी कोणते नाम योग्य हे त्यानंतर ठरवावे. आधी ठरवले तर वालीला बोलण्याचे कारणच उरत नाही.

आणि एक पाऊल आणखी आहे, जे ‘असॅसिन्स क्रीड’च्या निराकार अवकाशातही टाकले जात नाही. राम आणि वाली बोलून झाल्यावर किष्किंधाकांड संपत नाही. तारा येते. तिने बाण सोडलेला नाही आणि तिला बाण लागलेलाही नाही. तिने फक्त आधीच सांगितलेले होते. ती रामाला म्हणते की ज्या बाणाने तू याला मारलेस त्याच बाणाने मलाही मार. तिला उत्तर देण्यासारखा युक्तिवाद कोणाजवळ नसतो. भूमी इक्ष्वाकूंची आहे किंवा शाखामृगाची शिकार निर्दोष आहे, हे तिला सांगून भागत नाही. काम्यूंच्या नाटकातील विधवा तिचीच बहीण. आपल्या मारेकऱ्यांच्या कथा, आपली नाटके आणि मुले खेळतात ते खेळ, यांत पाहणारा असतो, मारणारा असतो, क्वचित मरणाराही बोलतो. नेमका टप्पा पार पडला की पडदा काळा होतो आणि गुण मोजले जातात. तारेची वाट पाहायला तेथे कोणी थांबलेले नसते.